अंगावरचं दूध

माझी नात पहिले काही आठवडे जशी रडली, तसं रडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. प्राथमिक शाळेत जन्म घालवलाय मी. भुकेचं रडणं, हट्टाचं, चड्डी ओली झाल्याचं, आईकडे जायचंय म्हणून केलेलं, सगळं मला दाराबाहेरून ओळखता यायचं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. बारीक, उंच, कानात शिरून बसणारं. रडून रडून दमायची, डोळे मिटायची, आणि स्वयंपाकघरात कुणी झाकण ठेवलं तरी अंग ताठ करून दचकायची की पुन्हा सुरू. हनुवटी थरथरायची. बोटं थरथरायची. बाटली तोंडात दिली तर चार घोट ओढायची, मग ओढायचं विसरून जायची, आणि तोंडातलं घशात जाऊन खोकत सुटायची. 

आमचं घर आरोंद्याला. खाडीवरचा पूल ओलांडला की गोवा. इथली माणसं सकाळी पलीकडे कामाला जातात, संध्याकाळी परत येतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझी लेकही गेली. हॉटेलचं शिक्षण घेतलं, मग पार्ट्या आणि लग्नं भरवून देणाऱ्या एका कंपनीत लागली. तिथेच लग्न जमवलं. जावई बोलायला गोड, घरी आला की वाकून पाया पडायचा, पण बूड टेकून बसायचा नाही. सारखा उठून घरापुढच्या खळ्यात जायचा, फोनवर बोलत फेऱ्या मारायचा. मला वाटायचं, धंद्यातला माणूस आहे, असते घाई.

सातव्या महिन्यात लेक एकटीच घरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे कुणी काही विचारायचा प्रश्न नव्हता. पण तिचं रूप बघून मला धस्स झालं. गालफडं बसलेली, नाक सारखं वाहतंय, मधूनच रक्ताचा थेंब. मी म्हटलं, एसीत राहून सर्दी धरली आहे. शेजारची वहिनी बघायला आली तर तिनं तोंडावरच विचारलं, "पोट दिसना नाय गो तिचा?" मी तिला चहा देऊन वाटेला लावली. आठवडाभर लेक नुसती झोपून होती. उठायची, मिळेल ते खायची, परत झोपायची. मी ह्यांना म्हटलं, राबवून घेतात तिथे, दमलीय पोर. हे एसटीत ड्रायव्हर होते, दमणं म्हणजे काय ते ह्यांना माहीत. "झोपांदे तिका," म्हणाले, आणि रेडिओचा आवाज कमी केला.

मग एक दिवस ती पलीकडे जाऊन आली. दवाखान्याची फाइल तिथे राहिली होती म्हणे. परत आली ती काय उत्साहात! बडबड थांबेना. सातव्या महिन्याची बाई, पण माझं अख्खं फडताळ रिकामं करून पुसून ठेवलं. मला बरं वाटलं हो. म्हटलं, आली माणसात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट धरून बसली आणि साडी रक्तानं भरली. सावंतवाडीला नेईपर्यंत माझा जीव माझ्याकडे नव्हता. वार आधीच सुटली आहे, मूल लगेच काढायला हवं, असं डॉक्टरीण म्हणाली आणि मला बाहेर बसवलं. मूल जगलं, आईही जगली. पोर बरीच आधी आलेली, एवढीशी, डोकंही लहान. तिला काचपेटीत ठेवली. मुलांचे डॉक्टर वेगळे, तरुण, डोळ्यांखाली काळं. पोर थरथरतेय म्हणून त्यांनी साखर तपासली, कॅल्शियम तपासलं, आणखी काय काय तपासलं. सगळं ठीक. मग मला बोलावून विचारलं, "बाळाची आई मिश्री लावते? तंबाखू, दारू, दुसरं काही?"

मी शिक्षिकेच्या आवाजात त्यांना सुनावलं. "डॉक्टर, आमच्या घरात असलं काही नसतं." ते मान हलवून गेले. हाच प्रश्न त्यांनी लेकीलाही विचारला होता, हे मला नंतर कळलं. तिनंही नाहीच सांगितलं होतं.

घरी आणल्यावर आमच्या रीतीप्रमाणे सुरुवात झाली. न्हाऊ घालणारी म्हातारी बोलावली. तिनं अख्ख्या वाडीची पोरं पायावर घेतलेली. खोबरेल कोमट करून तिनं पोरीच्या अंगाला हात लावला मात्र, पोर काळीनिळी झाली. गरम पाणी घातलं तर श्वासच धरला. शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली तर शिंका आणि किंचाळणं. म्हातारी हात पुसत म्हणाली, "चेडवाक दिष्ट लागली हा, बाय. मीठ-मिरची ओवाळ." मी ओवाळली. मी डीएड केलेली बाई, मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली, आणि ठसका लागून पोर तासभर रडली. हे देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आले. बघायला येणाऱ्या बायका काही थांबेनात. प्रत्येकीला पोर हातात हवी, प्रत्येकीला तिला हलवायचं, टाळ्या वाजवून दाखवायच्या. बारसं कधी, म्हणून विचारायच्या. मी म्हणायचे, बघू. तेव्हा माझं डोकं इतकं बधिर झालेलं असायचं की कुणी माझं नाव विचारलं असतं तरी मी बघू म्हटलं असतं.

आणि ह्या सगळ्यात लेकीला दूध नव्हतं.

निदान ती तसं म्हणायची. "आये, येना नाय दूद." पोरीला छातीशी धरायचीच नाही. मी जबरदस्तीनं मांडीवर ठेवली की पाठ करून बसायची, आणि थोड्या वेळानं म्हणायची, ओढत नाही ती, दे बाटली. पावडरचं दूध पोरीला पचत नव्हतं. उलटून टाकायची. वजन वाढत नव्हतं, आणि डॉक्टर प्रत्येक खेपेला तेच सांगायचे, लवकर आलेल्या बाळाला आईचं दूध मिळालं तर सगळ्यात चांगलं. मी ते मनावर घेतलं. मी एकदा मनावर घेतलं की घरातल्यांची खैर नसते.

आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. मोरी म्हणजे शार्कच्या जातीतला मासा, त्याचं लहान पिल्लू चांगलं. शिरोड्याच्या बाजारात मी मासेवालीला सांगून ठेवलं होतं. ती बाजूला ठेवायची, मी जाऊन आणायचे. हळद, मिरी, लसूण, जरासं खोबरं लावून पातळ कालवण, आणि सोबत मऊ भात. शिवाय अळिवाची खीर, मेथीचे लाडू. लेक समोर ताट आलं की तोंड फिरवायची. मी समोर बसून खायला लावायचे. "खा. येतला दूद. न येवक काय झाला?" ती खायची आणि कधी कधी खाता खाता डोळ्यांतून पाणी काढायची. मला वाटायचं, बाळंतिणीचं मन हळवं असतं.

एकदा तिला ताप भरला. छाती दगडासारखी झालेली, हात लावू देईना. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दूधच नसलेल्या बाईची छाती दगड कशी होईल? पण माणूस दमलं की डोळ्यांसमोरचं दिसत नाही. मी तिला कोबीची पानं लावायला दिली आणि दुसऱ्या दिवशी परत मोरी आणली.

एका दुपारी पोर जरा झोपली होती. मी मागीलदारी वाळलेले लंगोट काढायला गेले. लेक न्हाणीच्या बाजूला धुण्याच्या धोंडीवर माझ्याकडे पाठ करून बसलेली. खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी पुढे गेले. ती रडत नव्हती. छाती पिळून वाटीत दूध काढत होती. वाटी भरत आली होती. पिवळसर, दाट, असं दूध की बघून डोळे निवावेत. ती उठली आणि वाटी माडाच्या मुळात ओतली. पायदळी येऊ नये इतकी काळजी घेऊन, वाकून.

"काय करतंस गो?"

ती दचकली नाही. कधी ना कधी मी येणार हे तिला ठाऊक असावं.

"थंय पोर भुकेन तळमळता आणि तू दूद मातयेत घालतंस? आवस आसस की कोण आसस तू?" असं आणि आणखीही पुष्कळ. आता लिहवत नाही ते मी बोलले.

ती म्हणाली, "आये, माझा दूद पाजलंय तर मरतली ती."

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. बाळंतपणानंतर काहींचं फिरतं. मग तिनं सांगितलं. रिकामी वाटी हातात धरून, जमिनीकडे बघत. कोकेन घेय होतंय, म्हणाली. नाकानं ओढायची पावडर. कामाच्या तिथे सगळे घेतात, उभं राहायला लागतं पहाटेपर्यंत, नवऱ्यानंच पहिल्यांदा दिली. पोटात पोर आहे हे कळल्यावर थांबवली, मग परत घेतली, परत थांबवली. शेवटी ते सगळं सोडून माझ्याकडे आली.

"आणि हयसर इल्यावर?"

"एकदा. फाइल आणूक गेल्लंय तेवा."

म्हणजे फडताळ पुसलं त्या दिवशी.

मी तिला मारलं नाही. हात उठला होता, पण हातात लंगोट होते. मी धोंडीवर बसले. मला ह्या गोष्टी पेपरात वाचून माहीत होत्या, पलीकडच्या, परदेशी लोकांच्या, नाचगाण्याच्या. आमच्या मागीलदारी त्यांचं काय काम? मला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त दमायला झालं होतं. एवढे दिवस मी त्या पोरीच्या रडण्याशी झुंजत होते आणि ते रडणं कशाचं आहे हे घरात एका माणसाला माहीत होतं.

"दुधाचा तुका कोणी सांगल्यान?"

"फोनात बघलंय. दुधातसून जाता." मग माझा हात धरून म्हणाली, "डॉक्टराक सांगू नको. सांगलंस तर पोराक काढून घेतले. पोलीस येतले."

मी दुसऱ्याच दिवशी दोघींना घेऊन सावंतवाडीला गेले. पोलीस आले तर आले. पोर अशी थरथरत असताना मी गप्प बसणार नव्हते. रिक्षात लेक अख्खी वाट बाहेर बघत बसली. डॉक्टरांसमोर मात्र तिनं स्वतःच सांगितलं, चक्क पुस्तकी मराठीत, मुलाखत द्यावी तसं. "मी गरोदरपणात कोकेन घेत होते. शेवटचं प्रसूतीच्या आदल्या दिवशी घेतलं." मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत होते. आमच्या घरात असलं काही नसतं, हे ऐकलेला माणूस समोर बसला होता.

तो चांगला माणूस निघाला. पोलिसाचं नाव काढलं नाही. म्हणाला, आधी कळलं असतं तर बाळाच्या तपासण्या कमी झाल्या असत्या आणि त्रासही. वार सुटली, बाळ लवकर आलं, वजन कमी, हे सगळं त्या पावडरनं होऊ शकतं. थरथर आणि रडणंही. ह्याला वेगळं औषध नाही. पोरीच्या अंगावर जणू साल नाही असं समजा, म्हणाला. उजेड, आवाज, हात, सगळं तिला टोचतं. मालीश नको, धुरी नको, पाहुणे नकोत. काळोखी खोली, घट्ट गुंडाळून छातीशी धरायचं, झुलवायचं नाही, थोडं थोडं पाजायचं.

"पुढे शहाणी होईल ना?" मी विचारलं.

"बरीचशी मुलं सावरतात, आजी. काहींना शाळेत गेल्यावर एका जागी बसणं, लक्ष देणं जड जातं. आज मी कसली हमी देणार?"

एका जागी न बसणारी पोरं माझ्या वर्गात प्रत्येक वर्षी असायची. मी त्यांना काय काय बोलले असेन कुणास ठाऊक.

दुधाबद्दल त्यानं स्पष्ट सांगितलं. घेणं चालू असेल तोवर अंगावर पाजायचं नाही, एक थेंबही नाही. तुम्ही टाकलंत ते बरोबर केलंत, असं तो लेकीला म्हणाला, आणि लेक तिथे पहिल्यांदा रडली. घेणं थांबलं, लघवीचे रिपोर्ट नीट आले, त्याची खात्री पटली, की मग पाजता येईल. तोवर दूध आटू द्यायचं नसेल तर काढत राहायचं आणि टाकत राहायचं. व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या एका बाईंकडे त्यानं तिला पाठवलं. आठवड्यातून एकदा तिकडे जायचं ठरलं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी खिडक्यांना गोधड्या लावल्या. रेडिओ शेजारी नेऊन ठेवला. वाडीत सांगितलं, पोरीला इन्फेक्शन आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हणून बजावलंय. मी त्या काळोखात नातीला दुपट्यात करकचून गुंडाळून छातीशी धरून बसायचे. तिच्याशी बोलायचं नाही, गायचं नाही, टक लावून बघायचं नाही. आजी म्हणून मला जे जे येत होतं ते सगळं बंद. कंबर मोडायची. जावयाचे फोन आधी रोज यायचे, मग कमी झाले, मग बंद. लेकीनं त्याचा नंबर काढून टाकला म्हणाली. मी खरं मानलं, कारण खोटं धरून तरी काय करणार होते?

लेक आता माझ्यापासून लपून काही करत नव्हती. ठरल्या वेळी वाटी घेऊन बसायची, काढायची, टाकायची. पोर दुसऱ्या खोलीत रडली की तिचा ब्लाउज भिजायचा. ते बघणं फार कठीण होतं. मोरी मी परत आणायला लागले होते. आता ती न सांगता खायची, ताट पुसून. एकदा म्हणाली, "आये, माका एकदा तरी तिका पाजूक व्हया." मी म्हटलं, पाजशील. मलाही तेच हवं होतं. पोरगी तिच्या अंगावर प्यायली की हे सगळं संपलं, असं मी मनात धरून बसले होते. देवाकडे दुसरं काही मागत नव्हते.

पोर हळूहळू निवली. थरथर कमी झाली, रडणं साधं झालं. एक दिवस भुकेनं रडली आणि मला ते रडणं ओळखता आलं, तेव्हा मीच रडले. लेकीचे रिपोर्ट नीट आले, परत पाठवले तेही नीट आले. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून पाजा. आम्ही तिघं घरी येताना हे रिक्षावाल्याला उगाच विनोद सांगत होते.

रविवारी लेक स्कूटर घेऊन बाहेर गेली. फोन दुरुस्तीला द्यायचा आहे, म्हणाली. दिवेलागणीला आली, जेवली नाही, आंघोळ करून पडली. मी काही विचारलं नाही. विचारायलाही अंगात बळ लागतं.

सोमवारी सकाळी मी पोरीला पुसून घेतली, लेकीच्या पाठीला उशी दिली, पोर मांडीवर ठेवली. पोरीनं मान वळवली, तोंड उघडून शोधायला लागली. लेकीचा ब्लाउज भिजला होता. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.

"पाज गो," मी म्हटलं. "आता कोणाची वाट बघतंस?"

"आये, घे तिका."

"कित्या?"

"आज नको." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "काल घेतलंय."

मला वाटलं, खाडीत जाऊन बसावं आणि कुणी बोलवायला आलं तरी उठू नये. रिपोर्ट नीट होते. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. ती गप्प बसून पाजती तर आमच्यापैकी कुणाला कळणार नव्हतं. पोर तिच्या छातीवर तोंड घासत होती आणि ती तिला दोन्ही हातांनी लांब धरत होती. मला ही मुलगी किती वर्षं खोटं सांगत आली होती, त्याचा हिशेब नाही. पोरीला मात्र तिनं फसवलं नाही. तिच्या कानशिलात मारावी की तिला जवळ घ्यावं, मला कळेना, आणि दोन्हीचं त्राण माझ्यात नव्हतं.

पोर रडायला लागली, भुकेचं. मी तिला उचलून घेतलं आणि बाटलीसाठी पाणी उकळायला ठेवलं.